नदीची धोका पातळी कळली, घराची कोण सांगणार?

जून उजाडला की कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात सूचनांची पत्रके वाटली जातात. बॅटरी, मेणबत्ती, काडेपेटी, कोरडा खाऊ, औषधे, कागदपत्रे एका पिशवीत भरून तयार ठेवा. पिशवी भरायलाच हवी. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये जी कुटुंबे माडीवर आणि छतावर अडकली, ती काही पिशवी नसल्यामुळे अडकली नव्हती. निघायचे कधी, हे त्या घरांत ठरलेलेच नव्हते. ‘२००५ ला पाणी आमच्या पायरीला शिवले नव्हते’ हे वाक्य त्या आठवड्यात गल्लोगल्ली ऐकू येत होते. माणसांनी चौदा वर्षांपूर्वीच्या पुराची खूण शेवटची मानली, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा त्या खुणेच्या जवळजवळ चार फूट वर, साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने पंचावन्न फूट ओलांडले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ती त्याहूनही वर गेली, आणि त्या वेळी पाणी २०१९ पेक्षा कितीतरी वेगाने चढले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराला त्याची स्वतःची ‘निघायची पातळी’ माहीत असली पाहिजे. ती जवळच्या मोजपट्टीवरच्या फुटांत सांगितलेली असावी, आणि ती सांगणे हे ग्रामपंचायतीचे व महापालिकेचे काम मानले जावे. घराची बाकी सगळी तयारी या एका आकड्याच्या मागे येते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. पावसाळ्यात हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ते आकडे नदीचे आहेत. एखाद्या गल्लीचे तोंड इशारा पातळीच्या आधीच बंद होते, एखाद्या वसाहतीला धोका पातळी ओलांडल्यावरही दोन दिवस काही होत नाही. दोन्ही ठिकाणची माणसे एकाच आकड्याकडे डोळे लावून बसतात, आणि दोघांचाही अंदाज चुकतो.

आपल्या घराची पातळी काढणे अवघड नाही. पहिली गोष्ट, उंबऱ्याचा विचार सोडून द्यायचा. पाणी घरात केव्हा शिरते यापेक्षा घरातून बाहेर पडण्याचा शेवटचा रस्ता केव्हा बुडतो हे महत्त्वाचे. तो बहुधा गल्लीच्या तोंडाशी, ओढ्यावरच्या मोरीशी किंवा गावाबाहेरच्या खोलगट वळणावर बुडतो, आणि त्या वेळी घराची फरशी कोरडी असते. म्हणूनच माणसे गाफील राहतात. मागच्या पुरात त्या जागी पाणी आले तेव्हा मोजपट्टीवर किती फूट होते, हे शेजारपाजारी विचारून, जुन्या फोटोंवरची वेळ पाहून आणि त्या दिवसाच्या पातळीच्या नोंदी काढून जुळवता येते.

दुसरी गोष्ट, सगळे घर हलवायला किती तास लागतात? म्हातारी माणसे, लहान मुले, चार जनावरे आणि वर चढवायचे सामान धरले तर आठ तास सहज जातात. तिसरी गोष्ट, पाणी किती वेगाने चढते. इथे मागच्या पुरातला सरासरी वेग घेऊ नये, सर्वांत वाईट वेग घ्यावा.

समजा, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झाले की एका घराचा रस्ता बुडतो आणि वाईट वेळी पाणी तासाला अर्धा फूट चढते. आठ तासांत चार फूट झाले. म्हणजे ३९. त्यावर एक फूट जास्तीचा सोडायचा, कारण मोजपट्टी आणि आपली गल्ली यांचे नाते दर पुरात तेच राहत नाही. धरणांतून किती पाणी सोडले आहे, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा किती फुगली आहे, अशा गोष्टींवर नदीचा उतार बदलतो. उत्तर आले ३८ फूट. शासनाची इशारा पातळी ३९ आहे. या घराने इशाऱ्याची वाट पाहिली तर त्याचा राखून ठेवलेला फूट संपलेला असतो, आणि धोक्याच्या घोषणेची वाट पाहिली तर रस्ताच संपलेला असतो. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा अधिकृत असला तरी या घरासाठी तो उशिराचा आहे.

हे गणित प्रत्येक कुटुंबाने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. कोणत्या फुटाला कोणती गल्ली, कोणता प्लॉट बुडतो याच्या याद्या आपत्ती विभागाकडे असतात. सांगलीत तर त्या वर्तमानपत्रांतही छापून येतात. जलसंपदा विभागाच्या पूररेषा आखलेल्या आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण त्या रेषांचा उपयोग बांधकाम परवान्यापुरता होतो. ज्या भाडेकरूने गेल्याच महिन्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या, त्याला आपण निळ्या रेषेच्या आत झोपतो हे कोण सांगणार? घरमालक तर सांगणार नाही. घरपट्टीच्या पावतीवर एक ओळ वाढवावी: ‘रस्ता बंद होण्याची पातळी इतके फूट, निघण्याची पातळी इतके फूट.’ तोच आकडा गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर रंगवावा आणि भाडेकरारातही घालावा. खर्च रंगाच्या डब्याचा आणि दोन माणसांच्या मजुरीचा आहे.

यावर आक्षेप येतो की आकडा छापला तर जागांचे भाव पडतील, आणि आकडा चुकला तर जबाबदारी कोणाची? भाव पडत असतील तर ते आजवर माहिती लपवल्यामुळे चढलेले होते. चुकण्याबद्दल म्हणाल तर आज जो आकडा लोक वापरतात, म्हणजे मागच्या पुराची भिंतीवरची खूण, त्याच्याइतका चुकीचा आकडा दुसरा नाही. दर पावसाळ्यानंतर दुरुस्त होणारा ढोबळ आकडाही त्याहून शंभर पटींनी बरा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आकडा माहीत असूनही माणसे निघत नाहीत. दोन कारणांनी: गोठा आणि चोरी. ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत त्याला ‘जीव वाचवा, बाकीचे पुन्हा मिळेल’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे, कारण त्याचे घर त्या म्हशींवर चालते. त्यामुळे माणसांच्या छावणीआधी जनावरांची जागा ठरली पाहिजे, आणि तिथे वैरण आधी पोचली पाहिजे. मोठ्या जनावराला रोज निदान पाच-सहा किलो कोरडी वैरण आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. चार म्हशी, सात दिवस, म्हणजे दीडशे किलोच्या पुढे कोरडा कडबा. तो गावातल्या गंजीतच राहिला तर भिजणार, आणि भिजून बुरशी धरलेला, गाळ बसलेला चारा जनावराला आजारी पाडतो. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी मेअखेर टोचून झाल्या पाहिजेत, कारण छावणीत जनावरे दाटीने बांधली जातात. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि बिल्ल्यासकट जनावराचा फोटो काढावा. जनावर दगावले तर भरपाईसाठी पंचनामा आणि पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल मागतात, तेव्हा ते जनावर आपले होते हे सिद्ध करावे लागते. आणि काहीच जमले नाही, पाणी अंगावरच आले, तर दावी कापून जनावरे मोकळी सोडावीत. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते, दावणीला बांधलेले जागीच मरते.

चोरीच्या भीतीवर उपदेशाने काही होत नाही. रिकाम्या गल्ल्यांतून रात्री पोलिसांची बोट फिरणार आहे, आणि ती फिरताना दिसणार आहे, हे लोकांना आधी कळले तर घरटी एक माणूस ‘राखणीला’ मागे ठेवण्याची पद्धत मोडेल. हीच मागे राहिलेली माणसे पुढे उशिराच्या, भरगच्च बोटीत चढतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून सतरा जणांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. लाइफ जॅकेटशिवाय बोट गावात ठेवणे हा गुन्हा मानला पाहिजे, आणि जितकी जॅकेटे तितकीच माणसे हा नियम बोटीवर मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे.

आता घर बंद करण्याकडे येऊ. हे काम घाईत चुकते, आणि चूक जिवावर बेतते.

आधी वीज. पाणी येण्याआधी, कोरड्या पायांनी, मेन स्विच बंद करायचा. पण तेवढ्याने घर मृत होत नाही. इन्व्हर्टर चालू राहतो आणि मेन बंद असतानाही सॉकेटमध्ये वीज सोडत राहतो. तो बहुतेक घरांत जिन्याखाली, जमिनीलगत असतो. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवायच्या. दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते, ती ऐनवेळी एकट्याला उचलत नाही. म्हणून पूरपट्ट्यातल्या घरात ती मे महिन्यातच कट्ट्यावर चढवून ठेवावी. पाणी घोट्यापर्यंत आले असेल तर स्विचबोर्डाला हात लावायचा नाही. बाहेर थांबायचे आणि महावितरणला फोन करून खांबावरून वीज तोडून घ्यायची.

मग गॅस. रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडरच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी बसवायची. पुष्कळांना वाटते, भरलेले सिलिंडर जड असते, ते जागेवर राहील. राहत नाही. १४.२ किलो गॅस भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन तीस किलोच्या आसपास असते, आणि पूर्ण बुडाल्यावर ते बाजूला सारते त्या पाण्याचे वजन त्याहून जास्त. त्यामुळे भरलेले सिलिंडरसुद्धा तरंगते, पाइप तोडते आणि घरभर आपटत फिरते. ते माडीवर न्यावे, नाहीतर खिडकीच्या गजाला साखळीने बांधावे. परत आल्यावर पहिल्यांदा दारे-खिडक्या उघडायच्या, काडी ओढायची नाही. पत्रकातल्या मेणबत्तीवर आमचा राग आहे तो याचसाठी. तिच्या जागी दोन एलईडी बॅटऱ्या आणि जास्तीचे सेल ठेवावेत.

पाणी दारातून आत येईल म्हणून लोक दाराला पोती लावतात, आणि ते पहिल्यांदा येते मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून. बाहेर ड्रेनेज तुंबले की घाण पाणी उलटे चढते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत निम्मी वाळू भरून ती भांड्यात घट्ट बसवायची, मोरीच्या जाळीवरही तशीच ठेवायची. कायमचा उपाय म्हणजे बाहेरच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. दाराला पोती लावायची तर सिमेंटची रिकामी पोती निम्मीच भरावीत. गच्च भरलेले पोते गोल राहते आणि दोन पोत्यांमध्ये फटी पडतात, निम्मे भरलेले चपटे होऊन एकमेकांवर बसते.

पण पाणी अडवण्यालाही मर्यादा आहे. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडे असेल तर दहा फूट लांबीच्या भिंतीवर सव्वा टनाच्या आसपास दाब येतो. सहा इंची विटांची भिंत त्यासाठी बांधलेली नसते. पाणी दोन फुटांच्या वर जाणार असे दिसले की अडवणे सोडावे आणि त्याला आत येऊ द्यावे. फरशी चिखलाने भरेल, भिंत उभी राहील. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींचा धोका आणखी वेगळा आहे. त्या पाण्यात असताना तग धरतात आणि पाणी ओसरल्यावर दोन-चार दिवसांनी, ऊन पडल्यावर, बसतात. लोक साफसफाईला परत आलेले असतात नेमके तेव्हा.

छतावरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवावी. रिकामी टाकी वाऱ्याने उडते, आणि पुढचे काही दिवस तेच पाणी वापरायला मिळते. २०१९ ला कोल्हापूरला पाणी पुरवणारे शिंगणापूरचे उपसा केंद्र बुडाले आणि शहराच्या ज्या भागांत पुराचे पाणी शिरलेही नव्हते तिथल्या नळांनाही थेंब राहिला नाही. पूर ओसरल्यावरही टँकरच्या रांगा चालू होत्या. म्हणून पूररेषेबाहेरच्या घरांनीही पाणी साठवलेच पाहिजे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसे, पाच दिवस, शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच कॅन. धुण्याभांड्यांचे वेगळे. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी थेट टाकली तर ती गाळावरच खर्च होते आणि जंतू तसेच राहतात. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, चौपदरी सुती कापडातून गाळावे, मग पाकिटावर जितक्या लिटरला लिहिली असेल तितक्याला गोळी टाकून अर्धा तास थांबावे. ब्लीचिंग पावडरचे पुडके मागच्या वर्षीचे उघडे पडलेले असेल तर त्यावर विसंबू नये. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो.

खाण्याचे फार अवघड नाही. भडंग, पोहे, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, मेतकूट, दशम्या हे शिजवल्याशिवाय चालते आणि घरात असतेच. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालू नये, जास्त झालेले मीठ लहान मुलाला घातक ठरते.

औषधांच्या बाबतीत वेळेचा हिशेब जास्त कडक आहे. डायलिसिसवर असलेला माणूस, नववा महिना लागलेली बाई, घरी ऑक्सिजनवर असलेला रुग्ण यांनी घराच्या पातळीची वाट पाहायचीच नाही. धरणे भरत आली आणि घाटमाथ्यावर पाऊस सलग लागला की त्यांना शहराच्या उंच भागात, दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवायचे. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त असाव्यात. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली तीस अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, तरी पाकिटावरची सूचना पाहावी. वीज गेल्यावर ती ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवावी. बर्फाला चिकटवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पुराच्या पाण्यात चाललेल्या माणसांना लेप्टोच्या तापाचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका असतो. त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे, मनाने घेऊ नये.

कागदांमध्ये आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा आणि आठ-अ बहुतेकांना आठवतात. घरपट्टीची आणि वीजबिलाची पावती विसरते, आणि त्या घरात आपण राहत होतो हे दाखवायला नेमकी तीच लागते. भाडेकरूकडे तर दुसरे काही नसतेच. घरातल्या प्रत्येक खोलीचा, फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन दिसेल असा फोटो जूनमध्ये काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावा. पूर ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढावा. तलाठी येईपर्यंत चिखलात बसा असे कोणी सांगू शकत नाही, आणि साफ केलेल्या घराचा पंचनामा नेहमी हलका होतो.

वर लिहिलेला सगळा हिशेब संथ चढणाऱ्या नदीचा आहे. चिपळूणला तो चालत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी पहाटेच्या झोपेत शहरात शिरले. तिथे तास मिळत नाहीत. कोसळणारा पाऊस, खाडीची भरती आणि कोयनेच्या वीजगृहांतून वाशिष्ठीत येणारे पाणी यांची वेळ जुळली की निघायला रस्ताच राहत नाही. त्यामुळे चिपळूणच्या तळमजल्यावरच्या घराने ‘बाहेर’ऐवजी ‘वर’ हे ठरवायचे: कोणाच्या माडीवर, किती माणसे, आणि तिथे पाणी व खाणे आधीपासून ठेवलेले. मुसळधार पाऊस आणि रात्रीची भरती एकत्र येणार असेल तर झोपायलाच वर जायचे. आणि दरडीखाली गेलेल्या तळिये, माळीण, इर्शाळवाडीसारख्या डोंगरउताराच्या वस्त्यांना घरात करण्यासारखे काहीच उरत नाही. जमिनीला भेग गेली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, दारे चौकटीत अडकू लागली, तर त्याच घटकेला, दिवस असो वा रात्र, वस्ती सोडायची. त्यांच्यासाठी निवारा आधी बांधून ठेवणे ही संपूर्णपणे शासनाची जबाबदारी आहे, तिथे घराच्या तयारीची भाषा करणे म्हणजे जबाबदारी ढकलणे होय.

पूरपट्ट्यात मात्र घर आणि शासन दोघांनाही काम आहे, आणि त्या कामाला एक तारीख आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला पाणी येऊन गेलेले असते. १ मेच्या ग्रामसभेत गल्लीवार पातळ्यांची यादी मोठ्याने वाचली जावी, हरकती तिथेच नोंदवल्या जाव्यात, बोट किती माणसांची आणि जॅकेटे किती हे दाखवले जावे, जनावरांची जागा व तिथल्या वैरणीचा साठा ठरावात लिहिला जावा. ज्या घरात उचलायला माणूस नाही त्या घरासमोर गल्लीतल्या दोन तरुणांची नावे लिहावीत. महापालिकेत हेच काम प्रभागनिहाय सभेत, भाडेकरूंना बोलावून व्हावे. आणि ३८ फुटांना निघायचे ठरलेल्या गल्लीसाठी शाळेचे दार ३७ फुटांना उघडावे, किल्ली कोणाकडे आहे हे शोधत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये.